पगार, पासबुक आणि लिलियन फेडरमन

१९१४ साली, तेव्हा रशियन साम्राज्यात मोडणाऱ्या लॅटव्हियातल्या एका लहानशा गावातून मेरी नावाची एक ज्यू मुलगी न्यूयॉर्कला येऊन उतरली. नर्तकी व्हावे, रंगमंचावर उभे राहावे, ही तिची हौस होती. प्रत्यक्षात आयुष्यातली उमेदीची वर्षे तिने तयार कपड्यांच्या कारखान्यांत राबून काढली. त्याच १९१४ साली आमच्या बडोद्यात महाराणी चिमणाबाईसाहेबांनी स्त्री उद्योगालय सुरू केले, ते बायकांच्या हाती स्वतःच्या कष्टाचे चार पैसे यावेत म्हणून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मेरीच्या मुलीची पुस्तके वाचताना ते साल माझ्या मनातून जाईना, कारण त्या मुलीने पुढे जो इतिहास लिहिला त्याच्या तळाशी हाच प्रश्न आहे : बाईच्या हाती तिची कमाई आली की तिला कोणाबरोबर राहता येते?

ती मुलगी म्हणजे अमेरिकेतल्या समलिंगी स्त्रियांच्या जीवनाचा इतिहास लिहिणाऱ्या लिलियन फेडरमन. त्यांचा जन्म १८ जुलै १९४० रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागात झाला. वडिलांनी मुलीला आपले म्हटले नाही, म्हणून तिला मेरी आणि मेरीची बहीण रे, अशा दोघींनी वाढवले. युरोपात मागे राहिलेले नातलग नाझींच्या हत्याकांडात मारले गेले आणि आपण त्यांना वाचवू शकलो नाही या सलाने मेरीचे मन अधूनमधून ताळ्यावरून सुटत असे. पुढे हे बायकांचेच कुटुंब पूर्व लॉस एंजेलिसमध्ये राहायला गेले. आईला कारखान्यातून सोडवायचे तर आपण सिनेनटी झाले पाहिजे, असे लहानग्या लिलियनने मनाशी ठरवले होते. त्यासाठी ती अभिनयाच्या वर्गाला जाऊ लागली आणि वयात येता येता छायाचित्रकारांसमोर तोकड्या कपड्यांत उभी राहून पैसे मिळवू लागली. १९५० च्या दशकात त्या शहरात स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांना एकमेकींना भेटायचे तर बारखेरीज जागा नव्हती आणि बारवर पोलिसांचा डोळा असे. लिलियन अल्पवयात तेथे पोहोचली आणि आपण कोण आहोत हे तिला तेथे समजले.

एका समुपदेशकाने तिला शिक्षणाकडे वळवले. बर्कलीच्या विद्यापीठातून १९६२ मध्ये तिने पदवी घेतली आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून १९६७ मध्ये पीएच. डी. मिळवली. बर्कलीला असताना फीचे पैसे उभे करण्यासाठी ती सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका नाट्यगृहात रात्री कपडे उतरवण्याचे नृत्य करीत असे. हे सर्व त्यांनी स्वतःच २००३ मध्ये 'नेकेड इन द प्रॉमिस्ड लँड' या आत्मचरित्रात लिहिले आहे. या प्रकरणाविषयी लोक एक तर नाक मुरडून लिहितात किंवा चवीने लिहितात, आणि मला दोन्ही सारखेच खटकते. त्या पानांवर मला दिसतो तो हिशेब : आईच्या शिलाईच्या मजुरीत विद्यापीठाची फी बसत नव्हती, आणि विशीतल्या एकट्या मुलीला एका रात्रीत जास्तीत जास्त पैसे देणारे काम त्या समाजाने कोणते ठेवले होते, याचा तो हिशेब आहे. ज्या बाईने हा हिशेब स्वतः केला, तिने पुढे इतिहास लिहायला घेतल्यावर प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत 'हिचे पोट कशावर चालत होते?' हा प्रश्न आधी विचारावा, यात मला नवल वाटत नाही.

१९६७ मध्येच त्यांना कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो येथील सरकारी महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. पुढे ते विद्यापीठ झाले आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी तेथेच काढली. विभागप्रमुख, मग अधिष्ठाता, अशा पायऱ्या त्या भराभर चढल्या आणि स्त्री-अभ्यासाचा उपक्रमही त्यांनी तेथे उभा केला. त्याच कामातून संगीताच्या प्राध्यापिका फिलिस अर्विन यांची ओळख झाली, ती आयुष्यभराची सोबत ठरली. १९७५ मध्ये कृत्रिम गर्भधारणेने आव्रम हा मुलगा झाला आणि दोघींनी मिळून त्याला वाढवले. त्यांचे पहिले पुस्तक मात्र या विषयावरचे नव्हते. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वांशिक समूहांच्या साहित्याचा तो एक संपादित संग्रह होता, १९६९ मधला. स्वतःच्या आयुष्याच्या इतका जवळचा विषय हाती घेतला तर नोकरी राहील की नाही, अशी धास्ती ज्या काळात रास्त होती, त्या काळाच्या या गोष्टी आहेत.

विषयाला हात घातला तो एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीच्या पत्रांतून, आणि ही हकीकत मला इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडत असे. (मी बडोद्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होते.) एमिलीने १८५० च्या दशकात सू गिल्बर्ट या मैत्रिणीला, जी पुढे तिची भावजय झाली, अत्यंत उत्कट पत्रे लिहिली होती. विसाव्या शतकात तिच्या भाचीने, म्हणजे सूच्याच मुलीने, त्यांतली काही छापली, पण ज्या ओळींत ओढ उघड दिसते त्या गाळून टाकल्या. १९५८ मध्ये मूळ पत्रे पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले. फेडरमन यांनी ते केले, आणि 'एमिली समलिंगी होती का?' या प्रश्नावर न अडता वेगळाच प्रश्न विचारला : ज्या ओळी लिहिताना आत्याला कसलाही संकोच वाटला नाही, त्या छापताना भाचीला लाज का वाटली? मधल्या सत्तर वर्षांत असे काय घडले? कागदावर जे लिहिले आहे त्यापेक्षा नंतर जे खोडले गेले त्यातून काळाचा बदल वाचणे, ही मला इतिहासकाराची खरी नजर वाटते.

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे 'सरपासिंग द लव्ह ऑफ मेन' हा १९८१ चा जाडजूड ग्रंथ. (त्याच वर्षी समलिंगी नायिका असलेले विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक मराठी रंगभूमीवर आले, ही नोंद करून ठेवते.) सोळाव्या शतकापासूनचे साहित्य, पत्रे आणि रोजनिश्या वाचून त्यांनी असे मांडले, की स्त्रियांमधली जिवाभावाची, एकमेकींवाचून करमत नाही अशी मैत्री युरोप-अमेरिकेत शतकानुशतके समाजमान्य होती, आयर्लंडमधल्या दोन खानदानी स्त्रिया १७७८ मध्ये घरातून पळाल्या, वेल्समधल्या लँगोलेन या गावी पन्नास वर्षे एकत्र राहिल्या आणि मोठमोठी माणसे त्यांच्या भेटीला जात राहिली. हे मान्य होते, कारण असल्या बायकांना नवऱ्याशिवाय स्वतंत्र पोट भरणे बहुधा शक्यच नव्हते, त्यामुळे त्यांच्या प्रेमापासून कोणाला धोका वाटत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बायकांना महाविद्यालये खुली झाली, नोकऱ्या मिळू लागल्या आणि लग्नाला 'नाही' म्हणणे त्यांना परवडू लागले. नेमक्या त्याच सुमारास क्राफ्ट-एबिंग आणि हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या डॉक्टरांनी त्या मैत्रीला विकृतीचे नाव दिले. बदनामी कमाईच्या मागोमाग आली, असा हा सिद्धान्त आहे.

१९९९ मध्ये 'टू बिलीव्ह इन विमेन' या पुस्तकात त्यांनी हाच धागा सुधारक स्त्रियांपर्यंत नेला. ते वाचताना मला पंडिता रमाबाई आठवत होत्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, दोन वर्षांहून अधिक काळ तेथे हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' लिहिले. तिथल्या बायकांनी चालवलेल्या शाळा, संस्था आणि मद्यपानविरोधी चळवळ यांचे त्यात केवढे अप्रूप आहे! त्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी रमाबाईंचा स्नेह जुळला होता. फेडरमन दाखवतात, की विलार्ड यांची बिऱ्हाडाची आणि कामाची सोबत अ‍ॅना गॉर्डन या स्त्रीची होती. शिकागोत गरिबांच्या वस्तीत हल हाऊस ही सेवासंस्था चालवणाऱ्या जेन अ‍ॅडम्स यांना मेरी रोझेट स्मिथ यांची होती. रमाबाईंच्या कर्तबगार अमेरिकन मैत्रिणी दिवसभर सभा गाजवून संध्याकाळी कोणाबरोबर जेवायला बसत होत्या, हे मला एका शतकानंतर कॅलिफोर्नियातल्या एका प्राध्यापिकेकडून कळले.

एका बाबतीत मात्र मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटत नाही. त्यांच्या १९८१ च्या ग्रंथात जुन्या काळच्या मैत्रिणींचे प्रेम बव्हंशी शरीराविना आहे. १९८८ मध्ये यॉर्कशायरच्या अ‍ॅन लिस्टर या जमीनदार बाईच्या, सांकेतिक लिपीत लिहिलेल्या रोजनिश्यांतला मजकूर प्रसिद्ध झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली ही बाई बायकांशी असलेले शारीरिक संबंध किती मोकळेपणाने नोंदवत होती हे दिसले. दुसरे असे, की एलिसला केवळ बदनामीचा कारखानदार मानणे आपल्याकडच्या वाचकाला जड जाते. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर मुंबईत १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नोत्तरांना अश्लील ठरवू नये म्हणून त्यांनी आधार घेतला तो हॅवलॉक एलिसचाच. कर्वे हरले, त्यांना दंड झाला. पण ज्या ग्रंथांनी अमेरिकेतल्या मैत्रिणींवर रोगाचा शिक्का मारला तेच ग्रंथ मुंबईच्या न्यायालयात माणसाच्या स्वभावाची ढाल म्हणून पुढे आले, ही गोष्ट फेडरमन यांच्या चौकटीत नीट बसत नाही. त्यांचा अभ्यास युरोप-अमेरिकेपुरता आहे, म्हणून हा दोष त्यांना देता येणार नाही. आपण वाचताना मात्र ही जोड आपणच द्यायला हवी.

त्यांचे मला सर्वांत आवडते पुस्तक १९८३ चे आहे, 'स्कॉच व्हर्डिक्ट'. ते आपल्याला हिंदुस्थानाकडे आणते, तेही अशा वाटेने की वाचताना मन अस्वस्थ होते.

जेन पायरी आणि मेरियन वुड्स या दोन तरुण शिक्षिकांनी १८०९ मध्ये एडिनबरोच्या वेशीवरच्या ड्रमशू येथे मुलींची निवासी शाळा काढली. दोघींची जुनी मैत्री होती आणि साठवलेले पैसे त्यांनी त्या शाळेत घातले होते. शाळेत जेन कमिंग नावाची एक मुलगी होती : ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या एका स्कॉटिश तरुणाची हिंदुस्थानी स्त्रीपासून झालेली, लग्नाबाहेरची मुलगी. वडील वारल्यावर वजनदार घराण्यातल्या आजीने, लेडी कमिंग गॉर्डन यांनी, तिचा सांभाळ केला होता. निजण्याच्या खोल्यांत जागा कमी, त्यामुळे शिक्षिका आणि विद्यार्थिनी एकाच पलंगावर झोपत. जेन कमिंग मिस पायरीच्या पलंगावर झोपत असे. १८१० च्या नोव्हेंबरात तिने आजीला सांगितले, की रात्री मिस वुड्स त्या पलंगाशी येतात आणि दोघी शिक्षिका नको ते करतात. आजीने नातींना तडकाफडकी काढून घेतले, इतर पालकांना निरोप धाडले, आणि दोन दिवसांत शाळा ओस पडली. शिक्षिकांनी दहा हजार पौंडांचा बदनामीचा दावा लावला.

खटला बंद दाराआड चालला. एका मोलकरणीने दिवाणखान्याच्या दाराच्या किल्लीच्या भोकातून काही पाहिले असल्याची कहाणी पुढे आली, पण त्या दाराला तसे भोकच नव्हते. न्यायमूर्ती पेचात सापडले : मुलीचे खरे मानावे तर ब्रिटिश बायकाही असे करतात हे मानावे लागते, आणि खोटे मानावे तर शाळकरी मुलीला हे सुचले कसे, हे सांगावे लागते. सुटकेची वाट सापडली ती जेनच्या रंगात. ही मुलगी पूर्वेकडून आलेली, तिकडच्या दासींकडून तिने हे ऐकले असेल, सभ्य स्कॉटिश घरात असल्या गोष्टी कल्पनेतही येत नाहीत, असा युक्तिवाद न्यायासनावरूनच झाला. एका न्यायमूर्तीने मात्र रोकडा सवाल टाकला, की मैत्रिणीबरोबर एका पलंगावर झोपलेली प्रत्येक बाई दोषी धरायची असेल तर स्कॉटलंडमध्ये निर्दोष बाई उरेल कोठे? १८११ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी शिक्षिका हरल्या, १८१२ मध्ये फेरविचारात चार विरुद्ध तीन मतांनीच जिंकल्या, आणि लॉर्ड्सच्या सभागृहात आजीचे अपील फेटाळले जायला १८१९ उजाडले. निकाल त्यांच्या बाजूने लागला. शाळा गेली ती गेलीच.

फेडरमन यांनी एडिनबरोला जाऊन या खटल्याची कागदपत्रे वाचली आणि त्या वाचनाचीच रोजनिशी लिहावी तसे हे पुस्तक रचले. त्यांची सहचरीही पुस्तकात येते, आणि 'त्या रात्री खरोखर काही घडले होते का' यावर दोघींचे एकमत होत नाही. पुराव्यासमोर बसलेल्या दोन वाचकांमधला हा मतभेद त्यांनी लपवला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. लिलियन हेलमन यांनी १९३४ मध्ये याच खटल्यावरून 'द चिल्ड्रेन्स अवर' हे गाजलेले नाटक लिहिले, पण त्यात आरोप करणारी मुलगी गोरी अमेरिकन झाली आणि हिंदुस्थानचा मागमूस पुसला गेला. फेडरमन यांनी जेन कमिंगला तिच्या जागी परत आणून बसवले : सावळी, अनौरस, मायदेशातून उचलून स्कॉटलंडच्या थंडीत आणलेली, वर्गात सर्वांहून वेगळी दिसणारी मुलगी. तिने खोटे सांगितले असेल किंवा नसेल. तिच्याकडे पाहणाऱ्यांनी तिच्यात आधीच काय पाहिले होते, ते निकालपत्रांत स्पष्ट उतरले आहे. मला या पुस्तकात उणीव भासते ती जेनच्या आईची. तिचे म्हणणे या खटल्यात कोठेही नाही, आणि आपल्याकडच्या एखाद्या संशोधिकेने कंपनीच्या दप्तरांत तिचा माग काढावा असे मला मनापासून वाटते.

१९९१ चे 'ऑड गर्ल्स अँड ट्वायलाइट लव्हर्स' हे विसाव्या शतकातल्या अमेरिकेपुरते आहे, आणि येथे त्यांची रीत बदलते. पत्रे आणि रोजनिश्या मागे ठेवतात त्या शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या बायका. कारखान्यातल्या आणि बारमधल्या बायका असे काही मागे ठेवत नाहीत, हे स्वतः त्या बारमध्ये बसलेल्या लिलियनला कोणी सांगायला नको होते. म्हणून त्यांनी १८६ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. या पुस्तकात दुसरे महायुद्ध येते, बायका सैन्यात आणि कारखान्यांत शिरतात, शहरांत खोल्या भाड्याने घेतात, आणि हातात पगार आला की एकत्र राहण्याची हिंमतही येते. मग १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा आदेश निघतो, त्यात लैंगिक विकृती हे सरकारी नोकरी नाकारण्याचे कारण ठरते, आणि घाव बरोबर त्या पगारावर पडतो. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेली 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' ही समलिंगी स्त्रियांची संघटना या भीतीच्या सावटाखालीच उभी राहिली. हे वाचताना मला १९८७ सालचे भोपाळ आठवले. मध्य प्रदेश पोलिसांतल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींना माळ घातली, आणि सरकारने पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोघींना नोकरीतून काढून टाकले.

माझ्या आईची एक मावसबहीण बडोद्यात मुलींच्या मराठी शाळेत शिकवत असे. बाबाजीपुऱ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिच्याच शाळेतल्या एक शिक्षिका राहत. तिला आम्ही मावशी म्हणत असू आणि त्यांना नुसते 'बाई'. दोघींची पत्रे नाहीत, कारण एकाच घरात राहणाऱ्या माणसांनी पत्रे कोणाला लिहायची? छायाचित्रे शाळेच्या स्नेहसंमेलनांची. मावशीमागे घर आवरताना माझ्या हाती लागले ते पोस्टाच्या बचत खात्याचे पासबुक, दोघींच्या नावाचे, दोघींपैकी कोणीही किंवा मागे राहील तिने पैसे काढावेत असे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरणा. दिवाळीच्या आधी थोडी उचल. मे महिन्यात मोठी उचल, ती बहुधा दोघींच्या सुट्टीतल्या प्रवासाची. मग एके वर्षी लागोपाठ मोठ्या रकमा काढलेल्या, त्या बाईंच्या आजारपणातल्या. त्यानंतर बाईंच्या नावावर लाल शाईची रेघ आणि 'मयत' असा शेरा, आणि पुढची अनेक पाने एकट्या मावशीची. त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही, आणि त्यांच्या माघारी मी त्यांना नाव देणार नाही. पण तीस वर्षे एकमेकींच्या पगारावर एकमेकींचा हक्क त्यांनी सरकारी कागदावर मान्य केला होता, एवढे मी इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून खात्रीने लिहू शकते. फेडरमन यांची पुस्तके वाचली नसती तर ते पासबुक मी रद्दीत घातले असते.

कागदावरून आणखी एक गोष्ट. आव्रम जन्माला आला तेव्हा कायद्याच्या दृष्टीने फिलिस त्याच्या कोणीच नव्हत्या आणि दोघींना लग्न करण्याची मुभा नव्हती. अमेरिकेत प्रौढ माणसालाही दत्तक घेता येते. तो मार्ग काढून फिलिस यांनी लिलियन यांना दत्तक घेतले. फिलिस वयाने काही वर्षांनी मोठ्या होत्या. अशा रीतीने ज्या बाई रोज त्या मुलाचा डबा भरत होत्या, त्या कागदोपत्री त्याच्या आजी झाल्या, आणि दवाखान्यात किंवा शाळेत त्यांना 'तुम्ही कोण?' असे विचारण्याची सोय उरली नाही. बडोद्याच्या माणसाला दत्तकपत्राची ताकद समजावून सांगावी लागत नाही : २७ मे १८७५ रोजी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावाला, म्हणजे पुढच्या सयाजीराव महाराजांना, मांडीवर घेतले नसते तर हे शहर आज दिसते तसे दिसलेच नसते. नाते नसलेल्या ठिकाणी कायद्याने नाते उभे करण्याची ही युक्ती राजघराण्यांनी वारसासाठी वापरली आणि त्या दोघींनी संसारासाठी. गुजरातेत 'मैत्री करार' नावाचा मुद्रांकाच्या कागदावरचा दस्त होता. विवाहित पुरुष आणि दुसरी स्त्री यांच्यासाठी तो निघाला, पण दोन स्त्रियांनीही त्याचा आसरा घेतल्याच्या नोंदी आहेत. लग्नाचे बळ त्याला कधीच नव्हते. माझे स्वतःचे घरही दोघींचेच आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या धाकातून आम्हाला मोकळे केले, त्या दिवशी घरात गोडधोड झाले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने लग्नाचा हक्क नाकारला, तेव्हा आम्ही विम्याचे आणि घराचे कागद काढून पुन्हा एकदा तपासले. फॉर्मवर 'नाते' असा एक रकाना असतो आणि त्यात काय लिहायचे हे आजही प्रत्येक खिडकीवर नव्याने ठरवावे लागते.

फेडरमन नंतरही लिहीत राहिल्या : स्टुअर्ट टिमन्स यांच्याबरोबर लॉस एंजेलिसमधल्या समलिंगींचा इतिहास २००६ मध्ये, आईची कहाणी सांगणारे 'माय मदर्स वॉर्स' २०१३ मध्ये, समलिंगींच्या हक्कांच्या चळवळीचा मोठा इतिहास 'द गे रिव्होल्यूशन' २०१५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतले समलिंगी नेते हार्वे मिल्क यांचे चरित्र २०१८ मध्ये, आणि अमेरिकेतल्या 'स्त्री' या कल्पनेचाच इतिहास २०२२ मध्ये, म्हणजे वयाच्या ऐंशीनंतर.

२०२२ मध्येच माया शर्मा यांचे 'फुटप्रिंट्स ऑफ अ क्वीर हिस्टरी' हे गुजरातमधल्या जीवनकथांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. दिल्लीतल्या स्त्री-चळवळीतून आलेल्या माया शर्मा पुढे आमच्या बडोद्यातल्या 'विकल्प' या स्त्रियांच्या संघटनेत काम करू लागल्या. त्यांचे २००६ चे 'लव्हिंग विमेन' उत्तर भारतातल्या कष्टकरी स्त्रियांविषयी आहे. अमेरिकेत मुलाखत द्यायला बसलेल्या बाईला आपण काय आहोत हे सांगायला एक तयार शब्द होता. येथे अनेकींजवळ तोही नव्हता, आणि घरचे, जातीचे, मजुरीचे पाश पायांत होते. माया शर्मा त्या पाशांसकट त्यांच्या कहाण्या लिहितात. कोणी काय काम करते, किती मजुरी मिळते, घर कोणाच्या नावावर आहे, हे तपशील त्या सोडत नाहीत. येथे त्या मला फेडरमन यांच्या सर्वांत जवळच्या वाटतात.

वाचायला कोठून सुरुवात करावी असे कोणी विचारले तर मी 'स्कॉच व्हर्डिक्ट' आणि 'लव्हिंग विमेन' ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचा असे सांगेन, आणि १९८१ चा मोठा ग्रंथ त्यानंतर, हाताशी वही घेऊन. दोन्ही पुस्तके मराठीत आणण्याची परवानगी मिळते का, याची विचारपूस मी आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी करणार आहोत. न्यायालयीन मराठी चांगले लिहू शकणारी व्यक्ती कोणाच्या माहितीत असेल तर मला अवश्य कळवावे, कारण एडिनबरोच्या त्या न्यायमूर्तींची भाषा माझ्या एकटीच्या आवाक्यातली नाही.